एलपीएवरची तिसऱ्या माणसाची सही: सर्टिफिकेट प्रोव्हायडरचं खरं काम

इंग्लंड किंवा वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी घरात लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे एलपीए करायला घेतली, की फॉर्मची पहिली पानं भराभर भरली जातात. आईचं नाव, पत्ता, अटर्नी, म्हणजे तिच्या वतीने निर्णय घेणारे कोण, दोघं असतील तर निर्णय एकत्रच घ्यायचे की एकेकट्याने घेतले तरी चालतील. मग दहावा भाग येतो, सर्टिफिकेट प्रोव्हायडरचा, म्हणजे आईला हे समजलंय आणि तिच्यावर दबाव नाही असा दाखला देणाऱ्या त्रयस्थाचा. तिथे बहुतेक घरांत एकच प्रश्न निघतो: 'इथे सही कुणाची घ्यायची?' खरं तर विचारायला हवं ते असं: 'आईशी एकटीशी बसून कोण बोलेल?' सही त्या बोलण्यानंतर येते. बोलणं झालंच नसेल, तर त्या सहीला अर्थ नाही. पुढे कोर्टात प्रश्न आला तर अख्खं कागदपत्र अडचणीत येऊ शकतं.

आधी एलपीए म्हणजे काय ते थोडक्यात. मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट २००५ हा इंग्लंड आणि वेल्सचा कायदा १ ऑक्टोबर २००७ पासून लागू झाला आणि त्याबरोबर एलपीए आली. १८ वर्षांवरची, स्वतःचा निर्णय स्वतः घेऊ शकणारी कुठलीही व्यक्ती हे मुखत्यारपत्र करू शकते. ते दोन प्रकारचं असतं. एक पैसे आणि मालमत्तेसाठी, दुसरं तब्येत आणि देखभालीसाठी. पैशाचं मुखत्यारपत्र नोंदणी झाली की लगेच वापरता येतं, अर्थात देणाऱ्याची संमती असेल तर. तब्येतीचं मात्र देणारी व्यक्ती तो निर्णय स्वतः घेऊ शकत नसेल तेव्हाच कामाला येतं. आपल्याकडच्या साध्या मुखत्यारपत्राहून मोठा फरक हा, की देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली तरी हे टिकतं. किंबहुना त्याच दिवसांसाठी ते केलेलं असतं.

आणि म्हणूनच ते धोक्याचंही आहे. ज्या दिवशी अटर्नीकडे सगळा कारभार येतो, त्या दिवशी 'अरे, हे काय चाललंय?' असं विचारणारी व्यक्ती विचारण्याच्या स्थितीत राहिलेली नसते. बँक खातं, पेन्शन, घर विकणं, नर्सिंग होम निवडणं, सगळं दुसऱ्याच्या हातात. २००७ च्या आधी तिथे एंड्युअरिंग पॉवर ऑफ अटर्नी चालायची. त्या वेळी केलेली मुखत्यारपत्रं आजही वैध आहेत, पण ती करताना कुणा त्रयस्थाने देणाऱ्याशी बोलून दाखला द्यायची अट नव्हती. नव्या कायद्याने ती अट घातली. सुरुवातीला तर नियम असा होता, की नोंदणीच्या अर्जाची सूचना ओळखीच्या कुणालाच पाठवायची नसेल तर एकाऐवजी दोन सर्टिफिकेट प्रोव्हायडर हवेत. २०१५ मध्ये फॉर्म सोपे झाले तेव्हापासून एकच पुरतो. त्यामुळे त्या एकावरची जबाबदारी वाढली.

ही जबाबदारी किती मोठी आहे, हे बाकीचे काय करतात ते पाहिलं की कळतं. सहीचा साक्षीदार फक्त सही होताना पाहतो. कागदात काय लिहिलंय ते त्याला ठाऊक असायची गरज नाही. नोंदणी करणारं सरकारी कार्यालय, ऑफिस ऑफ द पब्लिक गार्डियन, कागद तपासतं, पण आईला भेटायला येत नाही. अटर्नी तर स्वतःच अधिकार घेणारे. म्हणजे या सगळ्या प्रवासात 'हिला हे समजलंय का, आणि हे हिच्या मनाने चाललंय का' एवढंच पाहण्यासाठी नेमलेला माणूस एकच, तो म्हणजे सर्टिफिकेट प्रोव्हायडर.

त्याने सही करून तीन गोष्टींबद्दल आपलं मत द्यायचं असतं. देणाऱ्या व्यक्तीला या कागदाचा हेतू आणि त्यातून दिल्या जाणाऱ्या अधिकारांची व्याप्ती समजली आहे. तिच्यावर दबाव नाही आणि तिची फसवणूक होत नाही. आणि एलपीए होऊ नये असं दुसरंही काही कारण दिसत नाही. इथे 'मत' याला वजन आहे. २०२३ मध्ये कोर्ट ऑफ प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे निर्णयक्षमतेचे प्रश्न पाहणाऱ्या न्यायालयात, आईने मुलीच्या नावे केलेल्या एलपीएचं एक प्रकरण न्यायमूर्ती लीव्हन यांच्यासमोर आलं. त्यांनी स्पष्ट केलं, की रकान्यात सही आहे म्हणजे दाखला वैध आहे असं होत नाही. सही करणाऱ्याने या गोष्टींचा खरोखर विचार करून मत बनवलं होतं का, हे कोर्ट तपासू शकतं. म्हणजे 'जरा सही करून देता का' म्हणत शेजाऱ्यांकडे फॉर्म नेला आणि त्यांनी दारातच सही केली, तर ते मुखत्यारपत्र कच्च्या पायावर उभं आहे.

हे बोलणं कसं व्हावं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या एक बाई आहेत. यजमान गेले, मुलगा जवळच राहतो, मुलगी पुण्यात. दोघांनाही अटर्नी करायचं ठरलंय. सर्टिफिकेट प्रोव्हायडर आहेत यजमानांचे जुने सहकारी, घरोब्याचे. मुलगा चहा ठेवतो आणि समोर बसतो. पहिली गोष्ट इथेच: मुलाला बाहेर जायला सांगायचं. हे बोलणं एकांतात, अटर्नींच्या गैरहजेरीत व्हावं अशी अधिकृत सूचना आहे. आपल्या घरांत हे जड जातं, मला माहीत आहे. पाहुण्याने मुलालाच खोलीबाहेर काढायचं म्हणजे अविश्वास दाखवल्यासारखं वाटतं. पण मुलानेच आधी म्हटलं, 'काका, तुम्ही दोघं निवांत बोला, मी बाहेर जाऊन येतो,' तर सगळं सोपं होतं. आणि ज्या मुलाला बाहेर जायचं नसतं, त्याच्याबद्दल सर्टिफिकेट प्रोव्हायडरला तेवढ्यानेच काहीतरी कळतं.

"वहिनी, हा कागद कशासाठी करताय, ते मला तुमच्या शब्दांत सांगा."

"मला पुढेमागे काही झालं, विसरायला लागले, तर मुलांनी बघावं म्हणून."

"म्हणजे काय काय बघायचं त्यांनी?"

"बँक, बिलं, घर. घर आता मुलाच्या नावावर होणारच ना याने?"

इथे थांबायचं. नाही, होणार नाही. एलपीएमुळे घराची मालकी बदलत नाही. अटर्नी घराचे व्यवहार त्यांच्या वतीने आणि त्यांच्या हितासाठी पाहणार, घर त्यांचंच राहणार. त्यांच्यानंतर कुणाला काय, ते मृत्युपत्रात येतं, आणि त्यांचं निधन झालं की एलपीए संपते. हे सावकाश सांगायचं आणि मग पुन्हा विचारायचं: 'आता तुम्ही मला सांगा, घराचं काय होणार?' त्यांनी स्वतःच्या शब्दांत बरोबर सांगितलं तर पुढे जायचं. नुसतं 'हो, कळलं' हे उत्तर धरायचं नाही. मोठ्यांसमोर, शिकलेल्यांसमोर 'कळलं' म्हणायची आपल्याला सवय असते.

मग पुढचे प्रश्न. हीच दोघं का? दुसरं कुणी मनात आलं होतं का? दोघांनी मिळूनच सही करायची, की एकट्यानेही चालेल? मुलगी पुण्यात असताना 'दोघं मिळूनच' म्हटलं तर रोजचं साधं कामही अडेल, हे लक्षात आलंय का? हा कागद करायचं कुणाच्या डोक्यात आलं? केला नाही तर काय होईल? मुलं तुमच्या पैशाचं काही चुकीचं करत आहेत असं वाटलं, तर तुम्ही काय कराल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना ठाऊक असायला हवं: निर्णयक्षमता शाबूत आहे तोवर त्या कधीही हे मुखत्यारपत्र रद्द करू शकतात.

तब्येतीच्या एलपीएमध्ये एक जागा अशी आहे की तिथे घाई अजिबात नको. जीव टिकवणाऱ्या उपचारांना हो किंवा नाही म्हणायचा अधिकार अटर्नींना द्यायचा की नाही, हे देणाऱ्याने पाचव्या भागात स्वतः सही करून निवडायचं असतं. व्हेंटिलेटर, नळीने अन्न, शेवटचे दिवस, हे विषय आपण घरात टाळतो. बरेचदा मुलं आईच्या वतीने गुपचूप एक पर्याय निवडून टाकतात, तिला वाईट वाटू नये म्हणून. हेतू चांगला असतो, पण ही निवड तिचीच असायला हवी. सर्टिफिकेट प्रोव्हायडरने हा भाग तिच्याशी मोकळेपणाने बोललाच पाहिजे.

आता हे करणार कोण? दोन वाटा आहेत. एक, देणाऱ्या व्यक्तीला किमान दोन वर्षं व्यक्तिशः ओळखणारा माणूस: मित्र, शेजारी, पूर्वीचे सहकारी. नुसती तोंडओळख चालत नाही. दुसरी वाट, व्यावसायिक कौशल्य असलेली व्यक्ती: सॉलिसिटर किंवा बॅरिस्टर (म्हणजे वकील), जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा दुसरी नोंदणीकृत आरोग्य व्यावसायिक व्यक्ती, सोशल वर्कर, किंवा इंडिपेंडंट मेंटल कपॅसिटी अ‍ॅडव्होकेट, म्हणजे निर्णयक्षमता नसलेल्यांची बाजू मांडणारी स्वतंत्र व्यक्ती. व्यावसायिक व्यक्तीची आधीची ओळख असावी लागत नाही.

वाट कुठलीही असो, काही जण बादच होतात. या किंवा त्याच व्यक्तीच्या दुसऱ्या कुठल्याही एलपीएतले अटर्नी आणि बदली अटर्नी. देणाऱ्याचे किंवा अटर्नीचे कुटुंबीय, त्यात सासरची माणसं, जावई-सुना आणि सावत्र नातीही येतात. लग्न न झालेला जोडीदार. व्यवसायातला भागीदार. देणाऱ्याचे किंवा अटर्नीचे नोकर. मुलगा अटर्नी असेल आणि त्याचं दुकान असेल, तर त्या दुकानात काम करणारा माणूस चालणार नाही. देणारी व्यक्ती केअर होममध्ये राहत असेल, तर तिथले मालक, मॅनेजर, कर्मचारी आणि त्यांचे घरचेही नाहीत. आपल्या लोकांचा प्रश्न हमखास असतो: चुलतभाऊ चालेल का? २००९ मध्ये एका प्रकरणात कोर्ट ऑफ प्रोटेक्शनने चुलत भावंडाला या नियमापुरतं कुटुंबीय धरलं नव्हतं. तरी माझा सल्ला असा, की दुसरं कुणी मिळत असेल तर नात्यात जाऊच नका. ज्यांना आपण दादा, मावशी, काका म्हणतो पण रक्ताचं नातं नाही, त्यांना अडचण नाही.

मग मित्र घ्यावा की व्यावसायिक? घर साधं असेल, भावंडांत कुरबूर नसेल, आई तल्लख असेल, तर नीट वेळ देऊन बोलणारा जुना स्नेही पुरेसा आहे. तो फुकट करतो आणि आईही त्याच्याशी मोकळी बोलते. लंडनच्या महाराष्ट्र मंडळासारख्या १९३२ पासूनच्या संस्थांमुळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखी जपलेल्या कितीतरी घरांना असा माणूस शोधावा लागत नाही. पण काही वेळा मी मित्रावर भागवू नका असंच सांगेन. डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) निदान झालं असेल तेव्हा. दुसरं लग्न असेल आणि पहिल्या लग्नाची मुलं असतील तेव्हा. एका मुलाला अटर्नी केलं, दुसऱ्याला वगळलं, आणि वगळलेला गप्प बसणारा नसेल तेव्हा. मोठा व्यवसाय किंवा बरीच घरं असतील तेव्हा. अशा ठिकाणी पाच-सात वर्षांनी कुणीतरी म्हणतंच, 'त्या वेळी आईला काही कळत नव्हतं.' त्या दिवशी सॉलिसिटरची किंवा डॉक्टरांची तारीखवार टिपणं असतील, कुठले प्रश्न विचारले, काय उत्तरं मिळाली, खोलीत कोण होतं, तर वाद तिथेच बराचसा मिटतो. मित्रानेही अशी टिपणं ठेवावीत. पण अनुभवी व्यावसायिक ती रोजच ठेवतो, आणि उलटतपासणीला उभं राहायची वेळ आली तर डगमगत नाही.

जीपी हे काम करतीलच असं धरू नका. ते त्यांच्या नेहमीच्या एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) कामात बसत नाही. बरेच जण नकार देतात किंवा फी घेतात. सॉलिसिटरही फी घेतात. एलपीए तयार करून देणारा सॉलिसिटरच सर्टिफिकेट प्रोव्हायडर होऊ शकतो, फक्त तो स्वतः अटर्नी नसावा. फी कोण देतंय याकडेही लक्ष असू द्या. मुलाने अपॉइंटमेंट घेतली आणि पैसे भरले तरी चालेल, पण सॉलिसिटरचं अशील आई आहे, मुलगा नाही.

डिमेन्शियाचं नाव काढलं की अनेक घरं हात टेकतात, 'आता उशीर झाला' म्हणतात. तसं नाही. कायद्याचं पहिलंच तत्त्व असं आहे, की उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येकाला निर्णयक्षमता आहे असंच धरायचं. क्षमता निदानाच्या नावावरून ठरत नाही. हा विशिष्ट निर्णय, या वेळी, ती माहिती समजून, पुरेसा वेळ लक्षात ठेवून, तोलून, कुठल्याही रीतीने सांगता येतो का, यावरून ठरते. अव्यवहारी वाटणारा निर्णय घेतला म्हणून क्षमता नाही असंही होत नाही. धाकट्या, जरा उधळ्या मुलाला अटर्नी करायचं आईने ठरवलं, तर तो तिचा हक्क आहे. मदत करूनही जमत नसेल तेव्हाच जमत नाही म्हणायचं. म्हणून बोलणं सकाळी ठेवा, जेव्हा डोकं ताजं असतं. श्रवणयंत्र लावलंय ना, चष्मा आहे ना, बघा. टीव्ही बंद. एकाच बैठकीत सगळं संपवायची गरज नाही.

आणि भाषा. इंग्रजी व्यवहारापुरती येणाऱ्या आईला सॉलिसिटरने इंग्रजीत प्रश्न विचारला, तिने मुलाकडे पाहिलं, मुलाने उत्तर दिलं, असं झालं तर ते मुलाचं मत झालं. दुभाषा हवा असेल तर तो अटर्नी नसावा, घरचाही नसावा. मराठी बोलणारा सर्टिफिकेट प्रोव्हायडर मिळाला तर उत्तमच. आपल्या भाषेत माणूस 'मला थोडी भीती वाटते' हेही सांगतो. परक्या भाषेत तो फक्त 'येस' म्हणतो.

अशा बोलण्यात 'तो म्हणाला सही कर, म्हणून करतेय,' असं उत्तर आलं तर काय करायचं? लगेच दोषारोप नको, पण सहीही नको. त्यामागे काय आहे ते हळूच विचारायचं. कदाचित आई नेहमीच तसं बोलते, आणि तिला खरंच हवं आहे. कदाचित तिला घरातून काढण्याची भीती घातली गेली आहे. शंका राहिली तर सर्टिफिकेट प्रोव्हायडरने नम्रपणे नाही म्हणायचं. तो त्याचा अधिकार आहे आणि कर्तव्यही. स्नेहसंबंध तुटतील म्हणून सही करून टाकणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

सह्यांचा क्रम चुकला की फॉर्म परत येतो, म्हणून तेवढं लक्षात ठेवा. आधी देणारी व्यक्ती नवव्या भागात सही करते, साक्षीदारासमोर. तब्येतीच्या एलपीएत पाचव्या भागातली सही त्याच्या आधी किंवा त्याच वेळी. मग दहाव्या भागात सर्टिफिकेट प्रोव्हायडर, शक्य तितक्या लवकर. त्याच्यानंतरच अकराव्या भागात अटर्नी, आपापल्या साक्षीदारांसमोर. देणाऱ्याच्या सहीला अटर्नी साक्षीदार होऊ शकत नाही, सर्टिफिकेट प्रोव्हायडर मात्र होऊ शकतो. ऑनलाइन भरलेला फॉर्मही छापून पेनानेच सह्या कराव्या लागतात. पुण्यातल्या मुलीला अटर्नी करता येतं. ती तिथेच साक्षीदारासमोर सही करू शकते, पण मूळ कागद तिच्यापर्यंत जाऊन परत यावा लागतो. कुरिअरचे दिवस धरून चला. प्रत्येक एलपीएची नोंदणी फी नोव्हेंबर २०२५ पासून ९२ पौंड आहे. कमी उत्पन्न असलेल्यांना सवलत किंवा माफी मिळते.

स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर कायदा वेगळा, २००० सालचा. तिथे मित्राची वाटच नाही. दाखला सॉलिसिटर, अ‍ॅडव्होकेट किंवा नोंदणीकृत डॉक्टरनेच द्यायचा.

शेवटी भारतातल्या मालमत्तेबद्दल, कारण हा गैरसमज महागात पडतो. इंग्लंडमधली एलपीए दाखवून पुण्यातला फ्लॅट विकता येईल असं समजू नका. त्यासाठी भारतातल्या नियमांप्रमाणे वेगळं मुखत्यारपत्र लागतं, आणि ते टिकाऊ नसतं: १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की मुखत्यारी संपते. नंतर घरच्यांना पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. भारतात त्रयस्थाच्या खात्रीची अट दिसते ती वैद्यकीय इच्छापत्रात (लिव्हिंग विलमध्ये), म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या उपचारांबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या कागदात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार, आणि न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. त्या साक्षांकनातही, कागद स्वेच्छेने आणि दबावाविना केला आहे याची खात्री करून घ्यायची असते. दोन्ही देशांत घरं आणि माणसं असलेल्या कुटुंबाने आई-वडील तल्लख असतानाच दोन्हीकडचे कागद वेगवेगळे करून घ्यावेत, आणि दोन्हीकडे त्यांच्याशी एकांतात बोलणाऱ्या माणसाला घाई न करता पुरेसा वेळ द्यावा.